नटीची भिंत

वासणा रोडवर आमच्या सोसायटीच्या वळणाआधी एक लांबलचक कंपाउंडची भिंत आहे. मागच्या हिवाळ्यात भाजी घेऊन येताना तिथं एक मुलगा चित्र काढताना दिसला. वीस-बावीसचा असेल. भिंतीला पांढरा हात देऊन झाला होता आणि त्यावर त्याने दोरी ताणून चौकटी पाडल्या होत्या. डाव्या हातात मोबाईल, मोबाईलवर छोटं चित्र, त्या चित्रावरही तेवढ्याच चौकटी. एकेका चौकटीतलं तो भिंतीवर उतरवत होता. दप्तर घेतलेली मुलगी, झाड, उगवता सूर्य, बाजूला मुलीला शिकवा असं लिहायची जागा. मी जवळ गेले तसा ओरडला, "मासी, अडशो नहीं, रंग भीनो छे!"

मी हात मागे घेतला आणि विचारलं, हे चित्र तू ठरवलंस का? नाही म्हणाला, वरून ठरून आलंय. मग तुझ्या मनानं काढायचं असतं तर काय काढलं असतंस? तो जरा थांबला. "तो हुं मारी बा ने दोरत." मग मी माझ्या आईला काढलं असतं. त्याची आई कडिया कामावर जाते. गिलावा करते.

पिशवीतली पालेभाजी वाळत होती म्हणून मी निघाले, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. रस्त्यावरच्या भिंतीवर कुणाचं चित्र यावं, ते कोण ठरवतं आणि ते काढल्यानं माणसं बदलतात का, हा प्रश्न आमच्या बडोद्याला नवा नाही. ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांपूर्वी याच शहरात एका चित्रकारानं त्याचं फार मोठं उत्तर भिंतीवर लिहून ठेवलंय. आपण बायका त्या भिंतीच्या बाहेरच्या रस्त्यावरून रिक्षाने जातो-येतो आणि आत काय आहे हे आपल्याला ठाऊक नसतं. मला तरी लग्न होऊन इथं आल्यावर कित्येक वर्षं ठाऊक नव्हतं.

पण आधी माझ्या माहेरच्या भिंतीचं सांगते, कारण चित्र वाचायला मी तिथं शिकले.

माझं माहेर सांगलीकडचं. आमच्या गावच्या बस्तीत सभामंडपाच्या डाव्या भिंतीवर जांभळाचं झाड रंगवलेलं होतं आणि त्याच्याभोवती सहा माणसं. तुमच्यापैकी बहुतेकींनी हे चित्र कुठल्या ना कुठल्या मंदिरात पाहिलं असेल. सहाही जण भुकेले. पहिला झाड मुळापासून तोडायला निघालाय, दुसरा मोठ्या फांद्या, तिसरा डहाळ्या, चौथा घोस, पाचवा फक्त पिकलेली फळं तोडतोय आणि सहावा खाली पडलेली जांभळं वेचतोय. षट्‌लेश्या. लेश्या म्हणजे काय, कर्म म्हणजे काय, हे पाठशाळेत पुढे पाच वर्षं शिकवलं, त्यातलं निम्मं विसरले. पण पहिला माणूस काळा आणि सहावा पांढरा रंगवलेला होता आणि मला तेव्हा वाटायचं की मी चौथी आहे, घोस तोडणारी, हे अजून आठवतं. शेजारच्या भिंतीवर सिंह आणि गाय एकाच कुंडातलं पाणी पीत होते. अक्षर न येणारी माझी आजी मला ही चित्रं बोट धरून दाखवायची. ती भिंत हीच तिची पोथी होती.

तेव्हा भिंतीवरच्या चित्रानं माणूस बदलतो का, या प्रश्नाला मी फाटे फोडत नाही. आपल्या पूर्वजांनी त्यावर पैसे लावले होते. कार्तिकी पौर्णिमेला आपले श्वेतांबर बंधू शत्रुंजयाचा भलामोठा पट उघड्यावर लावतात, ज्यांना पालिताण्याला जाणं झालं नाही त्यांनी तिथंच उभं राहून यात्रा करावी म्हणून. लोकांना डोंगरापर्यंत नेता येत नसेल तर डोंगर लोकांच्या रस्त्यावर आणायचा.

नेमकं हेच काम नंदलाल बोस नावाच्या बंगाली चित्रकारानं काँग्रेससाठी केलं, आणि त्याची सुरुवात आपल्या खानदेशात झाली. हे वाचताना मला अभिमान वाटला, सांगून टाकते.

नंदबाबूंचा जन्म १८८२ चा. अवनींद्रनाथ टागोरांचे शिष्य. विशीतच ते अजिंठ्याला आले होते, १९०९-१० च्या हिवाळ्यात. लेडी हेरिंगहॅम नावाच्या इंग्रज बाई लेण्यांतल्या चित्रांच्या प्रती करत होत्या, त्यांना मदत करायला भगिनी निवेदितांनी या मुलांना धाडलं होतं. दिवसचे दिवस अंधाऱ्या लेण्यांत उभं राहून, भिंतीवरची एकेक रेघ कागदावर उतरवत, त्यांनी भिंत कशी बोलते ते शिकून घेतलं. पुढे शांतिनिकेतनात कलाभवन चालवताना त्यांनी जयपूरचे कारागीर नरसिंहलाल यांना बोलावून ओल्या गिलाव्यावर रंगवायची राजस्थानी रीत शिकून घेतली. एवढा मोठा चित्रकार, पण गवंड्याच्या हाताखाली बसायला त्याला कमीपणा वाटला नाही.

डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन पहिल्यांदा खेड्यात भरलं ते फैजपूरला, आताच्या जळगाव जिल्ह्यात. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. नगराला टिळकनगर नाव दिलं होतं. साने गुरुजी त्या अधिवेशनासाठी गावोगाव फिरले होते. सजावटीचं काम गांधीजींनी नंदलाल बोसांवर सोपवलं आणि अट घातली की गावात जे मिळतं त्यातूनच करायचं. बांबू, चटया, गवत, माती. नंदबाबूंना धाकधूक होती, मी चित्रकार, मांडव-कमानी माझं काम नव्हे. पण ते आले, केलं, आणि गांधीजींनी तिथल्या भाषणात त्यांचं मनापासून कौतुक केलं. खानदेशातल्या शेतकऱ्याला आपल्याच बांधावरचा बांबू कमानीत उभा राहिलेला पाहून काय वाटलं असेल? सुंदर वस्तू म्हणजे बाहेरून विकत आणलेली, ही समजूत तिथं थोडी तरी हलली असणार.

फैजपूरनंतर हरिपुरा. फेब्रुवारी १९३८. हे आमच्या बाजूला, सुरत जिल्ह्यात बारडोलीजवळ, तापीकाठी. अध्यक्ष सुभाषचंद्र बोस. अधिवेशन एक्कावन्नावं म्हणून एक्कावन्न बैलांच्या रथातून त्यांची मिरवणूक निघाली. नगराचं नाव विठ्ठलनगर, विठ्ठलभाई पटेलांच्या नावाने. या वेळी नंदबाबूंनी आणि त्यांच्या शिष्यांनी मिळून सुमारे चारशे चित्रफलक केले. त्यातले ऐंशीच्या वर त्यांच्या स्वतःच्या हातचे. प्रत्येक फलक साधारण दोन फुटांचा. हातकागद, गेरू, पिवळी माती, काजळी, खडू यांचे रंग, जाड भरधाव रेघ. कमानींवर आणि झोपड्यांवर ते टांगले, म्हणजे येता-जाता दिसावेत.

आणि विषय काय? मला वाटलं होतं, भारतमाता असेल, पुढारी असतील, तुरुंगाच्या बेड्या असतील. तसं काही नाही. ढोल वाजवणारा. शिंपी. चांभार. पिंजारी. शिकारी. धान कांडणारी बाई. मूल घेतलेली आई. ज्यांनी ती चित्रं पाहायची, त्यांचीच ती चित्रं. एकाही फलकावर घोषणा नाही. इंग्रज सरकार जावं असं कुठं लिहिलेलं नाही. पण राष्ट्रीय सभेच्या दारावर चांभार आणि कांडणारी बाई उभे केले, की राष्ट्र म्हणजे कोण हे वेगळं सांगावं लागत नाही. आमच्या वासण्याच्या त्या मुलाची आई हरिपुऱ्याच्या कमानीवर नक्की बसली असती.

थोडं विषयांतर करते. हल्ली भिंतीवर लोक थुंकू नयेत, लघवी करू नये म्हणून देवांच्या फरश्या लावतात. जिन्याच्या कोपऱ्यात गणपती, साईबाबा, क्रॉस, आणि शेजारी आपले महावीरस्वामीही. आमच्या शेजारच्या शांताबेन दरवेळी हळहळतात, केवढी आशातना! मला त्यात आशातनेपेक्षा आळस दिसतो. माणसाला बदलायचं नाही, फक्त घाबरवायचं, तेही देवाला कोपऱ्यात उभं करून. नंदबाबूंनी लोकांना घाबरवलं नाही. आरसा दाखवला म्हणावं तर तेही नाही, कारण आरशात माणूस इतका देखणा दिसत नाही.

आता बडोद्याकडे वळते. सयाजीराव महाराजांनी आपल्या घराण्याच्या स्मरणार्थ विश्वामित्रीच्या पुलाजवळ कीर्तिमंदिर बांधलं, १९३६ मध्ये. दगडी इमारत, शिखरावर सूर्य, चंद्र आणि अखंड भारताचा नकाशा. आत मध्यवर्ती दालनाच्या चार भिंती रंगवायला महाराजांनी नंदलाल बोसांना बोलावलं. काँग्रेसचे मांडव सजवणाऱ्या माणसाला संस्थानिकानं आपल्या राजघराण्याच्या स्मारकात बोलवावं, याला त्या काळी छाती लागत होती. महाराज फेब्रुवारी १९३९ मध्ये वारले, पण काम पुढे चालू राहिलं. नंदबाबू शिष्यांना घेऊन मधून-मधून येत राहिले आणि १९४६ पर्यंत चारही भिंती पुऱ्या झाल्या. पहिली, १९३९ ची, गंगावतरण. दुसरी मीराबाईचं जीवन. तिसरी नटीर पूजा. चौथी महाभारताचं युद्ध.

राजांच्या कीर्तीसाठी बांधलेलं मंदिर, आणि चारातल्या दोन भिंती बायकांच्या. त्यातली एक राजघर सोडून गेलेली राणी आणि दुसरी राजाची नाचणारी दासी. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा खाली ठेवून दिलं पुस्तक.

ही नटी कोण? रवींद्रनाथांनी आधी तिच्यावर 'पुजारिणी' नावाची कविता लिहिली होती, मग १९२६ मध्ये नाटक. कथा मगधाची. बिंबिसार राजा राज्यावरून दूर झाला आहे, मुलगा अजातशत्रू गादीवर आला आहे आणि त्याने बुद्धाची पूजा बंद केली आहे. राजवाड्याच्या बागेतल्या स्तूपापुढे पूजा करायची जबाबदारी भिक्षुसंघाकडून येते ती श्रीमतीवर, दरबारातल्या नर्तकीवर. राजकन्या रत्नावली चिडते. आमच्यासारख्या असताना हिला हा मान? ती राजाज्ञा मिळवते की श्रीमतीने त्याच स्तूपापुढे नाचावं, म्हणजे ती जागाही विटाळेल आणि ही बाईही. श्रीमती नाचते. नाचता नाचता एकेक दागिना उतरवते, भारी वस्त्रं उतरवते, आणि आत भिक्षुणीचं वस्त्र असतं. नाच हीच पूजा होऊन जाते. तिथंच तिला मारतात. शेवटी रत्नावली तिच्या पायाशी वाकते.

हे वाचताना आपल्या कानावर ओळखीची नावं पडली असतील. बिंबिसार म्हणजे आपला श्रेणिक राजा. आपलं कुठलंही पुराण उघडा, श्रेणिक प्रश्न विचारतो आणि गौतम गणधर उत्तर देतात, तिथून सुरुवात. अजातशत्रू म्हणजे कुणिक, ज्याने बापाला कैदेत टाकलं. आपल्याकडे श्रेणिकाची राणी चेलना, चेटक राजाची मुलगी, महावीरांची मावशी. चेलनेने कुणिकाला सांगितलं की तुझ्या बापाने तुझ्यावर किती जीव लावला होता. ऐकून तो बेड्या तोडायला कुऱ्हाड घेऊन धावला आणि श्रेणिकाला वाटलं, हा मला मारायलाच आला. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. एकच राजघराणं, बौद्धांनी त्यांच्या बाजूने सांगितलं, आपण आपल्या. दोन्हीकडे राजा मुलाच्या कैदेत आणि दोन्हीकडे खरं बोलायचं धाडस बाईकडे.

आणि चेलनेची धाकटी बहीण चंदना. बाजारात विकली गेलेली, केस कापलेली, पायात बेडी, मातीच्या पात्रात कोद्रवाचा भात. महावीरांनी आहार घेतला तो तिच्या हातून. पुढे छत्तीस हजार आर्यिकांची ती प्रमुख झाली. तिचं चित्र आपल्या किती मंदिरांत आहे! आपण तिच्यापुढे हात जोडतो. आणि हात जोडून झाल्यावर बाईनं अभिषेक करावा की करू नये, यावर वाद घालतो. मी लग्न होऊन आल्यावर एका मंदिरात, नाव नको, कळशी हातात घेऊन पुढे झाले तर एका वडीलधाऱ्यांनी हातानेच थांबवलं. माझ्या मागे भिंतीवर चंदनाच होती. मी कळशी खाली ठेवली. आपापल्या आम्नायाची रीत असते, त्यावर मला इथं निवाडा द्यायचा नाही. पण माझे डोळे भरून आले होते ते रीतीमुळे नव्हे. मागे भिंतीवर काय रंगवलंय ते कुणालाच दिसत नव्हतं, म्हणून.

नंदबाबूंच्या नटीमागे मात्र घरातलीच एक मुलगी उभी होती. १९२६ मध्ये शांतिनिकेतनात नाटक झालं तेव्हा श्रीमतीचं काम केलं गौरीने, नंदलाल बोसांच्या थोरल्या मुलीने. दुसऱ्या वर्षी, १९२७ च्या सुरुवातीला, प्रयोग कोलकात्यात जोडासांकोला, टागोरांच्या घरी. भल्या घरची मुलगी तिकीट काढून आलेल्या लोकांसमोर नाचते, ही त्या काळी बोलायची गोष्ट होती. मूळ नाटकात एकही पुरुष नाही. कोलकात्यासाठी रवींद्रनाथांनी उपाली भिक्षूची भूमिका नव्याने लिहिली आणि ती स्वतः केली. मला वाटतं, पोरींच्या पाठीशी म्हाताऱ्याने उभं राहावं, एवढाच त्याचा अर्थ. आणि योग बघा, त्याच १९२७ च्या जानेवारीत पुण्याला अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं, त्याच्या अध्यक्ष होत्या आपल्या बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई. मुलींच्या शिक्षणासाठीची परिषद. ज्या संस्थानाने १९०६ मध्ये सगळ्या राज्यात मुलामुलींना प्राथमिक शाळा सक्तीची केली होती, १९०४ मध्ये बालविवाहाविरुद्ध कायदा केला होता, त्या संस्थानाच्या स्मारकात नटी येऊन बसली हे मला मग परकं वाटेनासं झालं.

बापाने मुलीला नाचताना पाहिलं आणि पंधरा-सोळा वर्षं ते मनात ठेवलं. १९४२ मध्ये शांतिनिकेतनच्या चीनभवनात त्यांनी नटीर पूजा भिंतीवर काढली आणि १९४३ मध्ये कीर्तिमंदिरात. साल लक्षात घ्या. ऑगस्ट १९४२ ची चळवळ होऊन गेलेली, गांधीजी पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये कैदेत, इकडे बंगालात दुष्काळाने माणसं रस्त्यावर मरत होती. अशा वेळी राजाची आज्ञा मोडून पूजा करणारी आणि मारली जाणारी, हातात शस्त्र नसलेली बाई त्यांनी बडोद्याच्या भिंतीवर आणली. कुणी म्हणेल, तुम्ही फार अर्थ काढता. काढते. हरिपुऱ्याला ज्यांनी एकही घोषणा न लिहिता सगळं सांगितलं, त्यांच्या भिंतीतून अर्थ काढायला आपल्याला मुभा आहे.

भिंतीवर चित्र चढवण्याची रीत मुळात फारशी बदललेली नाही. आधी छोटं रेखाटन. मग ते मोठं करायचं, चौकटी पाडून, किंवा पूर्ण मापाच्या कागदावर रेघ काढून तिच्यावर सुईने भोकं पाडायची आणि कोळशाच्या पुडीने ठिपके भिंतीवर उतरवायचे. आपल्या रांगोळीच्या ठिपक्यांच्या कागदासारखंच. मग रंग. एवढी मोठी भिंत एकट्याची नसते. शिष्य रंग वाटतात, रेघ भरतात, शिडी धरतात. मुख्य चित्रकार लांब जाऊन बघतो आणि परत येतो. कागदावरचं चित्र माणूस बसून काढतो, भिंतीचं चित्र चालून काढावं लागतं. आणि पुसायची सोय कमी.

गौरीचं पुढे काय झालं, तेही सांगते, कारण बायकांचं पुढचं कुणी सांगत नाही. ती कलाभवनातच शिकली, तिथंच पुढे तिने शिकवलं. बंगालची अल्पना, म्हणजे तांदळाच्या पिठाची जमिनीवरची नक्षी, हा तिथं शिक्षणाचा विषय होता. आधी सुकुमारी देवी, मग गौरी आणि तिची बहीण जमुना. उंबऱ्यावर काढून संध्याकाळी पायाखाली जाणारी बायकांची कला नंदबाबूंनी चित्रशाळेत आणून बसवली. भारताची राज्यघटना हाताने लिहिली गेली तेव्हा तिच्या पानांची सजावट नंदबाबूंच्या देखरेखीखाली झाली. त्या काम करणाऱ्यांत गौरी भंज आणि जमुना सेन या दोघीही होत्या. आणि आपल्यासाठी विशेष म्हणजे, घटनेच्या सहाव्या भागाच्या सुरुवातीला ध्यानस्थ महावीर आहेत. पुढच्या महावीर जयंतीला लाडू वाटताना मुलांना हेही सांगा.

माझी आई सिद्धचक्र विधानाचं मांडणं घालायची. आठ दिवस कंबर धरेपर्यंत रंगीत तांदूळ आणि पिठानं वर्तुळावर वर्तुळं. विधान झालं की विसर्जन. मंडपात दात्यांची नावं लागत. आईचं नाव कधी लागलं नाही आणि तिलाही ते अपेक्षित नव्हतं. शांतिनिकेतनात असती तर ती शिक्षिका झाली असती, असं माझ्या मनात येऊन गेलं खरं.

वारल्यांकडे बघा. लग्नाचा चौक तांदळाच्या पिठाने लिहायचा मान सवासिनींचा. पण चित्र कागदावर आलं, बाजारात गेलं, तेव्हा नावं झाली ती बहुतेक पुरुषांची. जिव्या सोमा म्हसे मोठेच कलावंत, त्यांचं मोठेपण मला कमी करायचं नाही. आणि आमच्या बडोद्याच्या शेजारी छोटा उदेपूरला राठवा लोकांचा पिठोरा. ओसरीवरच्या भिंतीवर पिठोरा देवाचं लग्न, घोड्यांच्या रांगाच्या रांगा. नवस फेडायला काढतात. ते काढणारा लखारा पुरुषच. परेश राठवा यांना त्यासाठी २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. रंगात दूध घालतात आणि मोहाची दारूही घालतात, हे ऐकून मी कान झाकले होते. पण दुसरी गोष्ट ऐकून उघडले. ती भिंत आधी शेणाने आणि पांढऱ्या मातीने सारवून देतात त्या घरातल्या कुमारी मुली. त्यांनी सारवल्याशिवाय देव भिंतीवर येत नाही.

बडोद्यात भिंतींची चित्रं आधीही होती. रावपुऱ्यातला तांबेकर वाडा पाहा, दिवाण भाऊ तांबेकरांचा, लाकडी. भिंतींवर कृष्णलीला, महाभारत, मराठे-इंग्रजांच्या लढाया, गोऱ्या मडमासुद्धा. सुंदर आहे, पण दिवाणाच्या घरातलं. नंदबाबूंचे शिष्य के. जी. सुब्रमण्यन १९५१ मध्ये इथल्या फाइन आर्ट्सला शिकवायला आले आणि मोठ्या कलावंतानं मेळ्यात विकायची खेळणी करायला लाजू नये, हे त्यांनी पोरांना करून दाखवलं. शांतिनिकेतनात त्यांनी एका इमारतीच्या बाहेरच्या भिंती काळ्या-पांढऱ्यात रंगवल्या होत्या. ऊन-पावसाने त्या फिक्या पडल्यावर २००९ मध्ये, वयाच्या पंच्याऐंशीच्या आसपास, परत शिडीवर चढून नव्याने रंगवल्या. २०१६ मध्ये ते बडोद्यातच गेले.

दसलक्षणानंतर एका सकाळी मी नणंदेला घेऊन कीर्तिमंदिर पाहायला गेले. वन्सं म्हणाल्या, स्मशानासारखं नाही ना वाटणार? नाही वाटलं. आत गार होतं. गंगावतरणापाशी आम्ही फार थांबलो नाही. मीरेपाशी वन्सं थांबल्या, त्यांना भजनं येतात. मी नटीच्या भिंतीखाली उभी राहिले. मान वर करून बघावं लागतं, मान दुखते. सगळ्या बायकाच बायका, आणि रेघ अशी की अजिंठ्याची आठवण यावी. वन्सं मागून आल्या आणि त्यांनी विचारलं, "ही कोणती सती?" मी म्हटलं, सती नव्हे, नटी. दरबारातली. त्यांनी एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. "आणि पूजा करतेय?" हो म्हटलं. त्यांनी गोष्ट सांगायला लावली. मी श्रेणिकापासून सुरुवात केली, म्हणजे त्यांना पटकन कळलं. रत्नावली पायाशी वाकली तिथं आल्यावर वन्संनी पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले. कुणाला, ते मी विचारलं नाही.

परत येताना आम्ही वासणा रोडला रिक्षा थोडी आधी सोडली. ती भिंत पुरी झाली होती. दप्तरवाली मुलगी, झाड, सूर्य, सगळं ठरल्याप्रमाणे. पण अगदी उजव्या टोकाला, जिथं चौकटी संपतात आणि नाल्याचा पाइप सुरू होतो, तिथं वीतभर उंचीची एक बाई काढलेली होती. डोक्यावर घमेलं.